बिनकर्जाचा लॅम्बर्ट

लॅम्बर्ट कायपर्सबद्दल आमच्या गावात सगळे चांगलंच बोलतात. मी त्याच्या धाकट्या भावाची बायको, हर्मिना. चाळीस वर्षं त्या माणसाला मी जवळून पाहिलं, आणि त्यातली पस्तीस वर्षं मला तो सहन होत नव्हता. उरलेल्या पाच वर्षांत माझं नवीन लग्न झालेलं होतं, तेव्हा माझं दुसऱ्या कोणाकडे लक्षच नव्हतं.

अमेरिकेतलं आमचं वेस्टरडाइक गाव सगळं डच लोकांचं. इथे माणसाची किंमत दोन गोष्टींवर ठरते. तो रविवारी काय काय करत नाही, आणि त्याच्या डोक्यावर कर्ज किती नाही. दोन्हीत लॅम्बर्ट पहिला. रविवारी दाराबाहेरचं वर्तमानपत्र उचलायला तो वाकायचासुद्धा नाही, ते सोमवारपर्यंत पावसात भिजत पडायचं. आणि कर्ज? अरे बापरे! कर्ज हा शब्द त्याच्यासमोर बायाबापड्याही हळू आवाजात काढायच्या.

त्याला कारण होतं, ते मी नाकारत नाही. चौतीस साली बँकेने त्याच्या बापाचं शेत घेतलं. अंगणात लिलाव झाला. गायी गेल्या, नांगर गेला, आईचं शिवणाचं मशीन गेलं. लॅम्बर्ट नऊ वर्षांचा होता आणि दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसून त्याने ते सगळं बघितलं. शेवटी तो कॅनही गेला. पुढे म्हाताऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्यात सुतारकाम सुरू केलं, चर्चमध्ये बसायची ओकची बाकं बनवायला लागला, आणि त्यातून हा कारखाना उभा राहिला. मरताना त्याने दोन्ही मुलांकडून वचन घेतलं की कधी कुणाचं एक डॉलर कर्ज काढणार नाही. लॅम्बर्टने ते हाडात मुरवलं. माझ्या आल्विनने वर्षाच्या आत हप्त्यांवर मोटार घेतली आणि मला फिरायला नेलं. म्हणून मी आल्विनशी लग्न केलं.

लॅम्बर्टने ते वचन नुसतं पाळलं असतं तर मी काही बोलले नसते. पण त्याने ते दुसऱ्यांच्या डोक्यावर आपटलं. चर्चचं छप्पर गळायला लागलं तेव्हा वार्षिक सभेत हा उठून उभा राहिला. "देवाच्या घरावर गहाणखत? मी जिवंत असेपर्यंत नाही!" मत द्यायचा हक्क तेव्हा फक्त पुरुषांना, आणि पुरुष याला घाबरायचे. मग पै पै साठवेपर्यंत सात वर्षं आम्ही बादल्यांच्या मधून वाट काढत भजनाला उभे राहायचो. ती बाकं याच्याच कारखान्यातली. पाण्याने फुगून त्यांना भेगा पडल्या. वर हाच दुरुस्तीला माणसं पाठवायचा आणि त्याचं बिल लावायचा.

सत्त्याहत्तर साली आल्विन कामावरच छातीत कळ येऊन गेला. कारखान्याचे एकूण हजार शेअर होते. लॅम्बर्टचे साडेपाचशे, आल्विनचे साडेचारशे, ते माझ्या नावावर आले. संचालक म्हणून आम्ही तिघं: लॅम्बर्ट, फोरमन सायमन डेक्कर आणि मी. म्हणजे लॅम्बर्ट बोलायचा, सायमन मान हलवायचा आणि मी कॉफी करायचे. वर्षाअखेरीस माझ्या शेअरवर जो लाभांश यायचा, त्यावर माझं आणि माझ्या दोन मुलींचं घर चालायचं.

ऐंशी सालच्या नोव्हेंबरात लाकूड वाळवायची भट्टी जळाली. भट्टीशिवाय ओकची फळी वाळत नाही, आणि ओली फळी वापरली तर बाक वर्षभरात वाकडं होतं. विमा होता, पण निम्म्याच भट्टीचा, कारण पूर्ण विमा काढणं म्हणजे लॅम्बर्टच्या मते देवावर अविश्वास. नव्या भट्टीला आणि जळालेल्या मालाला चार लाख डॉलर लागणार होते. बासष्ट माणसं हात बांधून उभी.

गावातल्या त्याच बँकेचा ऑरी टर्पस्ट्रा, बापाच्या जागी आलेला, लॅम्बर्टच्याच वर्गातला. तो स्वतः कारखान्यात आला. "चार लाख देतो. सात वर्षं मुदत, इमारत गहाण, व्याज सतरा टक्के. मला शिव्या घालू नकोस, दर मी ठरवत नाही, सगळ्या देशात तोच चाललाय."

"सतरा काय, दोन टक्के असता तरी नको," लॅम्बर्ट म्हणाला. "तुझ्या बापाने माझ्या बापाचं काय केलं ते मी विसरलो नाही."

"माझ्या बापाने तुझ्या बापाला तीनदा मुदत वाढवून दिली होती, तेही जरा आठवत जा," ऑरी म्हणाला आणि टोपी घालून गेला.

मार्चमध्ये शिकागोहून प्रेंटिस आला. उंटाच्या रंगाचा कोट, नखं साबणाने घासलेली. लॅम्बर्टने माझी ओळख करून दिली: "ही माझ्या भावाची बायको. कॉफी फार छान करते." साडेचारशे शेअरची मालकीण, आणि कॉफी फार छान करते! माझ्या हातातली किटली उकळती होती, एवढंच सांगते.

"मिस्टर कायपर्स, मी तुम्हाला कर्ज देतच नाहीये," प्रेंटिस म्हणाला. "मी तुमचे शेअर विकत घेतोय. साधे नाहीत, अग्रहक्काचे. तुम्ही विकणार, मी घेणार. यात देणं कुठून आलं?"

लॅम्बर्ट खुर्चीत पुढे सरकला. "परत कधी करायचे?"

"कधीच नाही. तुमच्या मनात आलं तर करा. मुदतच नाही."

"तारण?"

"काही नाही."

"व्याज?"

"कर्ज नाही तर व्याज कसलं? वर्षाला नऊ टक्के लाभांश, दर तीन महिन्यांनी थोडा थोडा. साध्या शेअरवाल्यांच्या आधी आमचा, म्हणून अग्रहक्क. आणि धंदा मंद असेल तर तोही देऊ नका. बँकेचा हप्ता चुकवून बघा, दारात माणूस उभा राहील. माझ्याकडून कोणी येणार नाही. त्यासाठी मला कोर्टातही जाता येत नाही."

लॅम्बर्टचा चेहरा असा उजळला की जणू मुलीसाठी स्थळ चालून आलंय. मी कॉफी ओतता ओतता विचारलं, "आणि खाली तो दुसरा कागद कसला?"

"ते वॉरंट. एक छोटासा हक्क म्हणा. पुढच्या दहा वर्षांत आमची इच्छा झाली तर आम्ही तुमचे पाचशे नवे साधे शेअर घेऊ शकतो, शंभर डॉलरला एक."

"आज शेअरची किंमत किती आहे?"

"भट्टी जळालेली असताना? शंभरच धरा."

"आणि भट्टी चालली, धंदा वाढला आणि किंमत सहाशे झाली तर? तेव्हाही शंभरालाच?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तर आपलं सगळ्यांचंच भलं होईल, मिसेस कायपर्स."

कागद मी घरी नेले आणि दोन दिवस वाचले. चष्मा लावून, एकेक ओळ. मग लॅम्बर्टला कारखान्याच्या अंगणात गाठलं. "हे बघ. सहा वेळा लाभांश चुकला की यांची दोन माणसं संचालक मंडळावर बसणार. चुकलेला सगळा भरेपर्यंत तुला-मला साध्या शेअरवर एक सेंट मिळणार नाही. आणि वॉरंट वापरलं की हजाराचे पंधराशे शेअर होणार, त्यातले पाचशे यांचे. तुझे निम्म्याहून जास्त राहणार नाहीत, लॅम्बर्ट. मोज की!"

"लाभांश चुकणारच नाही."

"अरे, ऑरीचं महाग आहे, मान्य. पण ऑरीला त्याचे पैसे हवेत. या माणसाला कारखाना हवाय. ऑरी सात वर्षांनी जाईल. हा जाणार कधी?"

"तुला व्यवहारातलं कळत नाही," तो म्हणाला. "आल्विनलाही कळत नव्हतं. मोटार घेतली होती त्याने हप्त्यांवर."

मेलेल्या माणसाची मोटार! सायमन तिथेच उभा होता, त्याने दुसरीकडे बघितलं. मंडळात दोन मतं याची, एक माझं. सही झाली. भट्टी उभी राहिली. त्या उन्हाळ्यात लॅम्बर्ट हॉटेलात, टपाल कचेरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, सापडेल त्याला थांबवून सांगायचा, "चार लाखांचं काम केलं, आणि एक सेंट कर्ज नाही!" लोक मान डोलवायचे. गावाला ते पटलंच होतं. आमच्याकडे कर्ज नाही एवढं ऐकलं की पुढचं कोणी विचारतच नाही.

पुढच्या वर्षी मंदी आली. चर्चं बांधायची थांबली, बाकं कोण घेणार? पहिला लाभांश चुकला. लॅम्बर्ट खुशीत. "बघितलंस? कोणी आलं का दारात?" दुसरा चुकला. तिसरा. कोणी आलं नाही. तो माझ्याकडे असा बघायचा की जणू मी प्रेंटिसवर उगाचच आळ घेतला होता.

माझा लाभांश मात्र बंद झाला. कागदात होतं तसंच. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागले, मुलांची ताटं विसळायला.

आमच्याकडे रीत आहे, चर्चचे पंच वर्षातून एकदा प्रत्येक घरी येतात. बाहेरच्या खोलीत बसतात, बँकेट, म्हणजे आमचा बदाम भरलेला गोड रोल, खातात आणि तुमचं देवाशी कसं चाललंय ते विचारतात. त्र्याऐंशी साली माझ्या घरी पंच म्हणून कोण आला? लॅम्बर्ट! बरोबर एक तरुण पंच, बिचारा घामाघूम झालेला.

प्रार्थना झाली. मग लॅम्बर्टची नजर मोरीकडे गेली. "कपडे धुवायचं नवं मशीन?"

"हो."

"रोख?"

"हप्त्यांवर. महिन्याला बावीस डॉलर."

त्याने बँकेट खाली ठेवला. "हर्मिना, आपल्या ऐपतीत राहणं हीसुद्धा भक्ती आहे. तू ऋणात आहेस."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "लॅम्बर्ट, ते मशीन सतरा महिन्यांनी माझं होईल. पूर्ण माझं. दुकानदार येऊन माझ्या मोरीत खुर्ची टाकून बसणार नाही. तू शिकागोच्या माणसाला काय विकलंयस, ते कधी संपणार आहे, सांग ना मला! आणि माझ्या नवऱ्याच्या शेअरचे पैसे येत असते तर मी रोख घेतलं असतं. ऐपतीत राहा म्हणे! माझी ऐपत कोणी खाल्ली?"

तरुण पंचाने घाईघाईने बायबल उघडलं. लॅम्बर्ट उठला. "तुझ्यासाठी प्रार्थना करतो," म्हणाला. पुढचे सहा महिने आम्ही फक्त सभेत बोललो, तेही सायमनमार्फत.

सहावा लाभांश चुकला तसे शिकागोचे दोघे आले. दारात नाही, आत. तरुण पोरं, चकचकीत बूट. संचालकांच्या टेबलाशी पहिल्याच दिवशी एक जण म्हाताऱ्या कायपर्सच्या खुर्चीत बसला, जिच्यात लॅम्बर्टही कधी बसला नव्हता. लॅम्बर्ट भिंतीजवळचं स्टूल ओढून त्यावर बसला. कायदेशीर होतं सगळं. त्यानेच सही केली होती. खरं सांगते, त्याची ती अवस्था बघून मला बरं वाटलं. घरी येऊन मी स्वतःसाठी अंडं तळलं आणि चवीने खाल्लं.

मग काळ पालटला. पंच्याऐंशीत कामं आली, शहाऐंशीत इतकी आली की दोन पाळ्या चालल्या. चुकलेला लाभांश सगळा भरला. आणि एके दिवशी दुपारी प्रेंटिस माझ्या दारात हजर. स्वयंपाकघरात बसला. कॉफी मी केली नाही.

"मिसेस कायपर्स, दक्षिणेतली एक मोठी कंपनी कारखाना विकत घ्यायला तयार आहे. शेअरला सहाशे डॉलर. आम्ही वॉरंट वापरणार. शंभराने पाचशे शेअर घेऊ. तुमच्या साडेचारशेंसकट पंधराशेत आपले साडेनऊशे होतात. तुमच्या दिरांनी नाही म्हटलं तरी चालेल. तुम्हाला मिळतील दोन लाख सत्तर हजार."

मी शाळेत ताटं विसळत होते. माझे हात सोड्याने सोललेले होते. दोन लाख सत्तर हजार.

"कारखाना इथेच चालवणार ना ते?"

"त्यांना नाव हवंय आणि ऑर्डरी. काम ते तिकडे करतील."

"आणि माणसं?"

त्याने खांदे उडवले. वाईट माणूस नव्हता तो, एवढं मी म्हणेन. त्याने आम्हाला कधी फसवलं नाही. सगळं कागदात लिहिलेलं होतं.

"समजा लॅम्बर्टनेच तुम्हाला पैसे देऊन मोकळं केलं तर? अग्रहक्काचे शेअर आणि वॉरंट, दोन्ही परत?"

"सात लाख दिले तर मी उद्या सकाळी जातो. मला कारखान्याचं प्रेम नाही. पण तुमचे दीर कुठून आणणार सात लाख, कर्ज न काढता?" आणि तो हसला. त्याने लॅम्बर्टला माझ्याहून चांगलं ओळखलं होतं.

मी तशीच कारखान्यात गेले. लॅम्बर्टला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो संतापेल, टेबलावर मूठ आपटेल. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि फळीच्या तुकड्यावर आकडा मांडला. "माझे तीन लाख तीस हजार होतात," तो हळूच म्हणाला. "आणि डोक्यावर काही नाही. कदाचित देवाचीच इच्छा असेल, हर्मिना."

त्या क्षणी मला त्याचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा आयुष्यात कोणाचा वाटला नाही. पलीकडे यंत्रं चालू होती. सायमनला कामाला लागून एकतीस वर्षं झाली होती. आणि हा स्वच्छ हात, स्वच्छ नाव आणि तीन लाख तीस हजार घेऊन घरी जाणार, आणि गाव म्हणणार, बघा, लॅम्बर्ट कायपर्स, कुणाचं देणं ठेवलं नाही! मी ठरवलं, याला असा सुटू द्यायचा नाही. कामगारांसाठी केलं असं लोक म्हणतात. थोडं कामगारांसाठी होतं. बरंचसं रागापोटी होतं.

"मी विकत नाही," मी म्हणाले. "पण एका अटीवर. गुरुवारी दहा वाजता ऑरीच्या बँकेत ये. सात लाखांचं कर्ज काढायचंय, दहा वर्षांचं. आला नाहीस तर सव्वादहाला मी प्रेंटिसला फोन करते, आणि मग संध्याकाळी सुट्टीच्या भोंग्याला बासष्ट जणांना तू स्वतः सांग, देवाची इच्छा काय आहे ती."

"मी बाबांना शब्द दिलाय."

"मग बाबांना कळव."

गुरुवारी तो आला. दहाला पाच मिनिटं कमी असताना, भर रस्त्याने, समोरच्या दारातून. रविवारचा काळा सूट घालून. आयुष्यात तो त्या बँकेत कधी शिरला नव्हता, त्यामुळे दार आत ढकलायचं की बाहेर ओढायचं ते त्याला कळेना. आतल्या मुली टकामका बघत राहिल्या.

ऑरीने कागद मांडले. कर्ज कारखान्याच्या नावावर, इमारत गहाण, व्याज आता साडेदहा टक्के. आणि हमी आम्हा दोघांची, घरांसकट. माझं घर, ज्याचा शेवटचा हप्ता आल्विनने मरायच्या आदल्या वर्षी भरला होता, तेही त्यात. मी सही केली. पेन लॅम्बर्टपुढे सरकवलं.

लॅम्बर्टने पेन घेतलं आणि तसाच बसून राहिला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस झाले.

"नाही भरता आलं तर?" त्याने विचारलं.

"तर इमारत घेईन. तुझं घर घेईन. हिचंही घेईन," ऑरी म्हणाला. "गोड बोलून सांगत नाही, लॅम्बर्ट. इथे हप्ता चुकवायची सवलत नाही. मी दारात येईन."

"माझ्या खुर्चीत बसशील?"

"मी? मला बाकं बनवता येतात का? मला काय करायचंय तुझ्या खुर्चीत!"

"कारखाना चांगला चालला, दुप्पट नफा झाला, तर तू जास्त मागशील?"

"ठरलंय तेवढंच. वर एक सेंट नाही."

लॅम्बर्टने कागद उलटून शेवटचं पान बघितलं. मग त्याने जे विचारलं ते विचारताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "आणि सगळं भरलं तर?"

"भरलं की संपलं," ऑरी म्हणाला. "हा कागद तुला परत देईन, तू फाड. मग तू माझा कोणी नाहीस आणि मी तुझा कोणी नाही. नाताळचं कॅलेंडर हवं असेल तर ये."

"प्रेंटिसने हे कधी सांगितलं नव्हतं," लॅम्बर्ट म्हणाला.

"तू विचारलंच नव्हतंस," मी म्हणाले. "कर्ज नाही एवढं ऐकलंस आणि कान बंद केलेस."

त्याने सही केली. रागाने, कागद फाटेल इतकं दाबून. मग उठला आणि दार उलट्या बाजूला ढकलत दोन मिनिटं उभा राहिला.

प्रेंटिस खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. जाताना त्याने सगळ्यांशी हात मिळवला, लॅम्बर्टने खिशातून हात काढला नाही. चार लाख घेतले होते, मधले लाभांश सोडून सात लाख दिले. ऑरीचं सतरा टक्क्यांचं कर्ज काढलं असतं तर त्याच्या पुढल्याच वर्षी फिटलं असतं. पण हे लॅम्बर्टला मी फक्त तीन-चारदा ऐकवलं.

कर्जाने तो सुधारला असं कुणाला वाटत असेल तर ती चूक आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी हप्त्याचा चेक लिहायला घेतला की तो खोलीतून उठून जायचा. गावात त्याने कुणाला सांगितलं नाही. सायमनला माहीत, ऑरीला माहीत, मला माहीत, बाकी सगळ्यांना कुणकुण, पण विचारणार कोण? चर्चला नवा ऑर्गन घ्यायचा होता, तेव्हा हा पुन्हा सभेत उभा! "उधारीवर संगीत नको," म्हणाला. आता बायकांनाही मत होतं. मी हात वर करून ऑर्गनच्या बाजूने मत दिलं आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. तो बसला खाली. एकही हप्ता चुकला नाही, तेवढं मात्र खरं. पन्नाशीतल्या माणसासारखा सत्तरीपर्यंत राबला. पहाटे सगळ्यांच्या आधी भट्टीपाशी असायचा.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात त्याला पोटाचं दुखणं निघालं. सहा आठवड्यांत गेला. मी दोनदा भेटायला गेले. पहिल्यांदा त्याने मला भट्टीच्या तापमानाबद्दल विचारलं, दुसऱ्यांदा झोपला होता. निदान तसं दाखवत होता.

दफन झालं आणि सगळे चर्चच्या तळघरात जेवायला जमलो. हॅम भरलेले पाव, बटाट्याचं सॅलड, पातळ कॉफी. डॉमिनी, म्हणजे आमचे पाद्री, नवे होते, त्यांना काय माहीत? ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपला बंधू लॅम्बर्ट या जगातून जाताना कुणाचं एक सेंटही देणं ठेवून गेला नाही."

आणि सगळं तळघर मान डोलवायला लागलं. कामगार बसले होते, त्यांच्या बायका, पोरं. त्यांच्या ताटातला पाव त्या देण्यातून आलेला, आणि तेही मान डोलवतायत! माझ्याने राहवेना. आमच्यात दफनाच्या जेवणात बाई उठून बोलत नाही. मी उठले.

"खोटं आहे," मी म्हणाले. "त्याच्यावर देणं आहे. आठ वर्षं तो कर्जात होता, आणि कर्जातच मेला. त्याने आयुष्यात केलेलं ते एकच शहाणपणाचं काम होतं आणि तुम्ही तेच त्याच्याकडून काढून घेताय! एकवीस हप्ते राहिलेत. ते मी भरणार आहे."

डॉमिनी लाल झाले. मागच्या टेबलावरून ऑरी टर्पस्ट्रा हळूहळू उठला. त्याला आता काठी लागायची.

"वीस," तो म्हणाला.

"एकवीस आहेत. दर महिन्याला चेक मी लिहिते, मला शिकवू नकोस."

"वीस, हर्मिना. मागच्या मंगळवारी तो आला होता. त्याची मुलगी गाडीतून घेऊन आली. उभं राहवत नव्हतं त्याला. स्वतःच्या बचतीतून एक हप्ता आगाऊ भरला. कारखान्याचा नाही, स्वतःचा. आता किती राहिले, विचारत होता. मी वीस सांगितलं. म्हणाला, हर्मिनाला सांगू नकोस, उगाच भाव खाईल."

सायमन हसला, मग कोणी तरी आणखी हसलं, आणि मग सगळं तळघर. मी तिथेच उभी. चाळीस वर्षं त्या माणसाने मला रडवायचा प्रयत्न केला, आणि मी त्याला कधी तो आनंद मिळू दिला नव्हता.

"मेला," मी म्हणाले, "मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" आणि सगळ्यांसमोर, हातात सॅलडची ताटली धरून, मी हुंदके देऊन रडले.